वेडेलिया

वेडेलिया (स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा) : सूर्यफुलाच्या कुलातील (ॲस्टरेसी) ही बहुवर्षायू, सरपटत पसरणारी ओषधी (मऊ खोडाची लहान वनस्पती) असून घरगुती बागेत मोकळी जमीन, उतार आणि वाफ्यांचे काठ झाकण्यासाठी लावली जाते. तिचे मूलस्थान मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंतचा उष्ण प्रदेश व कॅरिबियन बेटे हे होय. तेथून ती शोभेची वनस्पती म्हणून इतरत्र नेली गेली. भारतातील बागांत ती बहुधा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली असावी. काही देशांत तिला सिंगापूर डेझी म्हणतात, मात्र ती मूळची सिंगापूरची नव्हे.

वनस्पतीचे शास्त्रीय नाव अनेकदा बदलले आहे. कार्ल लिनीअस यांनी १७५९ मध्ये तिचा समावेश सिल्फियम प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) केला, तर वनस्पतिशास्त्रज्ञ हिचकॉक यांनी १८९३ मध्ये तिला वेडेलिया प्रजातीत आणले. ही प्रजाती जर्मनीतील येना येथील वैद्यक व वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक गेऑर्ग वोल्फगांग वेडेल (१६४५–१७२१) यांच्या नावाने ओळखली जाते. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही जाती खऱ्या वेडेलियांहून वेगळी असल्याचे मत बळावले आणि १९९१ मध्ये कॉम्प्लाया, १९९२ मध्ये थेलेचिटोनिया व १९९६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ प्रुस्की यांच्या मांडणीनुसार स्फॅग्नेटिकोला अशा तीन प्रजाती तिच्यासाठी पाठोपाठ सुचविल्या गेल्या. यांपैकी स्फॅग्नेटिकोला हे प्रजातिनाम १९०० सालचे, म्हणजे सर्वांत जुने असल्यामुळे अग्रक्रमाच्या नियमानुसार तेच ग्राह्य मानणे अधिक सयुक्तिक दिसते. रोपवाटिकांत मात्र वेडेलिया हेच नाव चालते.

पिवळा माका किंवा पीत भृंगराज (स्फॅग्नेटिकोला कॅलेंड्युलेसिया) ही आशियातील पाणथळ जागी आढळणारी औषधी जाती हिची निकटची नातलग आहे. तिची पाने अरुंद व अखंड असतात, तर वेडेलियाची पाने बहुधा त्रिखंडी असतात. दोन्हींची फुले पिवळी असल्याने शोभेची वेल माका समजून औषधासाठी तोडली जाण्याचा संभव आहे. तसे करू नये. दोन्ही जातींचा संकर दक्षिण चीनमध्ये नोंदला गेला आहे.

वेडेलियाची अभिवृद्धी बियांनी क्वचितच होते. तिचा प्रसार मुख्यतः खोडानेच होतो. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेऱ्यावर (खोडावर पाने फुटतात त्या सांध्यावर) आगंतुक, म्हणजे खोडातूनच निघणारी, मुळे फुटतात. पावसाळ्याच्या दमट हवेत तर मातीला न टेकलेल्या पेऱ्यांवरही मुळांचे पांढुरके उंचवटे दिसतात आणि असा तुकडा लावल्यास तो लवकर जीव धरतो. छाट कलमासाठी फार कोवळा शेंडा टाळून दोन ते चार पेऱ्यांचा, साधारण १० ते १५ सेंमी. लांबीचा निरोगी तुकडा घ्यावा, खालची पाने काढावी आणि किमान एक पेरे मातीत राहील असा तो लावावा. दोन कलमांत २० ते ३० सेंमी. अंतर पुरते. त्याहून दाट लावल्यास जमीन लवकर झाकते, पण पुढे छाटणीचे काम वाढते. उन्हाळ्यात कलमे लावल्यास ती रुजेपर्यंत हलकी सावली व नियमित पाणी आवश्यक असते. दाबकलम याहून सोपे आहे : पसरलेल्या फांदीच्या एका पेऱ्यावर ओंजळभर माती टाकावी, मुळे धरल्यावर ती मातृवेलीपासून तोडावी आणि मुळांसह उचलून हव्या त्या जागी लावावी. भरपूर उन्हात फुले अधिक येतात. सावलीत पाने वाढतात, फुले विरळ होतात.

रुजण्याच्या या सुलभतेमुळेच ती अनेक ठिकाणी डोईजड झाली आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाशी संबंधित तज्ज्ञगटाच्या शंभर अतिघातक आक्रमक जातींच्या यादीत तिचा समावेश आहे. फ्लोरिडा, क्वीन्सलँड व पॅसिफिक बेटांवर ती स्थानिक वनस्पतींना दाबून पसरली आहे. तिच्या पानांतील द्रव्ये इतर रोपांची वाढ रोखतात, असेही प्रयोगांत दिसून आले आहे. त्यामुळे ती ओढा, नाला किंवा राईलगत लावू नये; कुंड्या, पक्क्या कडांचे वाफे आणि इमारतींनी वेढलेले अंगण हीच तिच्यासाठी योग्य जागा होय. कडेला वरचेवर छाटणी करावी लागते. छाटलेले तुकडे ओल्या खतखड्ड्यात तसेच टाकल्यास तेथेच रुजतात, म्हणून ते आधी फरशीवर पसरून उन्हात पूर्ण वाळवावेत.