मॉड्यूल कॅश, सामायिक

कंपायलरने (प्रोग्रामचे यंत्राला कळणाऱ्या रूपात भाषांतर करणाऱ्या आज्ञावलीने) एकदा वाचून तपासलेल्या मॉड्यूलचे, म्हणजे एकत्र वापरायच्या घोषणांच्या गटाचे, तयार द्विमान रूप साठवणारा, आणि एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कंपायलर-प्रक्रियांनी मिळून वापरायचा फोल्डर. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः क्लँग या सी, सी++ व ऑब्जेक्टिव्ह-सी कंपायलरमधील व्यवस्थेचा विचार केला आहे.

उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो प्रीकंपाइल्ड हेडरमध्ये, म्हणजे आधीच वाचून साठवलेल्या हेडरमध्ये (अनेक प्रोग्रामांना लागणाऱ्या घोषणांच्या फाइलीत), पाहतात. मात्र तशी फाइल सहसा एका प्रकल्पापुरती असते आणि ती कधी बांधायची हे बाहेरून ठरते. दुसरे मत १९७० च्या दशकातील मेसा आणि मोड्युला-२ या भाषांकडे बोट दाखवते. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात मेसा घडली. स्विस संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्त १९७६-७७ च्या सुमारास तेथे होते व पुढे त्यांनी मोड्युला-२ रचली. तिच्या चिन्ह-फाइलींत (मॉड्यूल बाहेर काय पुरवते याची नोंद ठेवणाऱ्या फाइलींत) मॉड्यूलची ओळख पटवणारी किल्ली असे व ती न जुळल्यास विसंगती लगेच उघड होई. साठवलेली प्रत ताजी की शिळी, हा आजच्या कॅशचाही कळीचा प्रश्न असल्याने हे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. क्लँगमधील मॉड्यूल-योजना ॲपलमधील डग ग्रेगर यांनी २०१२ मध्ये एलएलव्हीएम (क्लँग ज्याचा भाग आहे तो प्रकल्प) विकासकांच्या सभेत मांडली.

क्लँगमध्ये प्रत्येक मॉड्यूलची एक पीसीएम (प्रीकंपाइल्ड मॉड्यूल) फाइल बनते. कंपायलरला दिलेल्या पर्यायांच्या हॅशवरून (त्यांपासून काढलेल्या छोट्या ओळख-संकेतावरून) पोटफोल्डर ठरतो, त्यामुळे वेगळ्या पर्यायांनी बांधलेली मॉड्यूले एकमेकांत मिसळत नाहीत. मूळ हेडर बदलले का, हे एरवी फाइलचा आकार व बदलाची वेळ पाहून ठरते. आशय ताडण्याची सोय आहे, पण ती मागावी लागते.

मॉड्यूल बांधणारी प्रक्रिया आधी कुलूप-फाइल तयार करते. स्वतःचे यंत्र व प्रक्रिया-क्रमांक लिहिलेली एक अनन्य नावाची फाइल करून तिला कुलपाच्या नावाचा दुवा (लिंक) जोडायचा, ही जुनी युनिक्स पद्धत येथे वापरली गेली. नेटवर्कवरील जुन्या फाइल-प्रणालींत ‘नसेल तरच बनव’ ही आज्ञा भरवशाची नव्हती, हे त्यामागचे कारण असावे. समजा, सोलापुरातील एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सगळ्या संगणकांना सर्व्हरवरील एकच कॅश दिला आहे आणि प्रात्यक्षिक ऐन रंगात असताना एका रांगेची वीज गेली. कुलूप सर्व्हरवर तसेच राहते. ते लावणाऱ्याच संगणकावर पुन्हा काम सुरू झाले, तर तो क्रमांक आता जिवंत नाही हे कळते व कुलूप निघते (तोच क्रमांक दुसऱ्या प्रक्रियेला मिळाला असेल तर मात्र फसगत होते). शेजारच्या रांगेतील संगणकाला ही चौकशी करताच येत नाही. तो मालक जिवंत आहे असे धरून थांबतो. ही मुदत बराच काळ ९० सेकंदांची होती. ती संपली की कुलूप काढून टाकले जाते. विद्यार्थ्याला मात्र तोवर संगणक ‘हँग’ झाल्यासारखाच वाटतो.

कुलूप हेच सुरक्षिततेचे साधन, असा समज सर्रास आढळतो. तो ग्राह्य धरता येत नाही. क्लँगच्या रचनेत कुलपाचा हेतू एकच मॉड्यूल दहा जणांनी दहादा बांधू नये एवढाच आहे. ते लावताच आले नाही तर प्रक्रिया मॉड्यूल स्वतः बांधून पुढे जाते. अचूकता दोन वेगळ्या गोष्टींवर उभी आहे. एक, फाइल तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहून मगच तिचे नाव बदलायचे. जकार्ड मागावर नक्षीच्या पत्त्यांची माळ अर्धवट ओवलेली असताना चढवली तर चादरीवर जे उमटेल, तेच अर्धवट पीसीएम वाचल्यास घडते. दोन, एकदा वाचलेले मॉड्यूल प्रक्रियेने स्वतःच्या स्मृतीत धरून ठेवायचे, म्हणजे मध्येच दुसऱ्याने डिस्कवरील फाइल बदलली तरी एकाच संकलनात (कंपायलरच्या एका फेरीत) दोन आवृत्त्या येत नाहीत. ही दुसरी व्यवस्था २०१७ च्या आसपासची आहे.

सफाई आपोआप होते: साधारण ७ दिवसांतून एकदा पाहणी, आणि ३१ दिवस न वाचलेल्या फाइली रद्द. वाचनाची वेळ न नोंदवणाऱ्या डिस्कवर वापरातील फाइलीही जुन्या ठरतात. नुकसान पुनर्बांधणीच्या वेळेपुरतेच.

परस्परांवर विश्वास नसलेल्या वापरकर्त्यांना एकच लिहिता येणारा कॅश देणे धोक्याचे आहे, कारण कोणी मुद्दाम बदललेली पीसीएम ओळखणे हा वरील तपासण्यांचा हेतूच नाही.

अलीकडे अवलंबित्व (कोणत्या फाइलीला कोणती मॉड्यूले लागतात ते) आधी शोधून प्रत्येक मॉड्यूल बिल्ड-प्रणालीनेच, म्हणजे कंपायलरची कामे क्रमाने लावणाऱ्या साधनानेच, ठरवून बांधण्याकडे कल आहे. ॲपलच्या एक्सकोड १६ (२०२४) या विकास-साधनामध्ये ही पद्धत आली. तीत कुलपांची गरज जवळजवळ उरत नाही.