‘खाउजा’तला ‘खा’ आणि ‘उ’

मोर्चात, निबंधस्पर्धेत, एमपीएससीच्या नोट्समध्ये आपण ‘खाउजा’ एका दमात म्हणून टाकतो. खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. लक्षात ठेवायला शब्द झकास आहे, पण त्यापायी ‘खा’ आणि ‘उ’ ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत असा समज घट्ट बसलाय. ‘जा’चं पुन्हा कधीतरी.

सरकारी कंपनीचा मालक बदलला की खासगीकरण. धंद्यात उतरायला किंवा तो वाढवायला लागणारी सरकारी परवानगी सुटली की उदारीकरण. पहिल्यात सातबाऱ्यावरचं नाव बदलतं, दुसऱ्यात वाटेतला नाका उठतो.

आकुर्डीची बजाजची स्कूटर घ्या. कंपनी आधीही खासगी, नंतरही खासगी. तरीही एकेकाळी स्कूटरसाठी दहा-दहा वर्षं थांबावं लागायचं. कारण 1951 च्या औद्योगिक कायद्याखाली कारखान्यानं किती माल काढायचा, तेही दिल्ली ठरवायची. लग्न ठरल्यावर नंबर लावायचा आणि पोरगं शाळेत जायला लागलं तरी स्कूटरचा पत्ता नाही. आलेली स्कूटर ‘ऑन’नं, म्हणजे किमतीवर जादा पैसे घेऊन, विकणारेही होते. परकीय चलन भरलं तर गाडी लवकर मिळायची, त्यामुळे आखातातल्या मेहुण्याचा भाव एकदम वधारायचा. ऐंशीच्या दशकात हे नियम सैल होऊ लागले आणि 24 जुलै 1991 रोजी नरसिंह राव सरकारनं 18 उद्योग वगळता बाकीच्यांचं लायसन्स काढूनच टाकलं. यात कुठे काय विकलं गेलं? काहीच नाही. हे निव्वळ उदारीकरण.

आता उलटी बाजू. रात्री आठला तालुक्याच्या एसटी स्टँडवर उभे राहा. फलाटावर भाडेतत्त्वावरची बस लागलीय. गाडी कंत्राटदाराची, चालक त्याचाच, तिकीट फाडणारा कंडक्टर मात्र एसटीचा. खासगी माणूस आत आला खरा, पण तुम्हाला दुसरा पर्याय मिळाला का? टप्पा वाहतुकीचा, म्हणजे वाटेत थांबत प्रवासी चढवण्या-उतरवण्याचा हक्क अजूनही महामंडळाकडेच, म्हणजे नाका जागच्या जागी. खरी स्पर्धा स्टँडच्या बाहेर चालते. पश्चिम महाराष्ट्रात जिला वडाप म्हणतात, ती जीप माणसं कोंबून निघते, आणि कागदोपत्री ती बेकायदा असते. मला तर वाटतं, उदारीकरण म्हणजे काय हे पुस्तकापेक्षा वडापवाल्याला विचारलं तर लवकर कळेल.

विमानात दोन्ही झालं, पण मधे जवळपास 28 वर्षं गेली. 1994 मध्ये जुना एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना आकाश खुलं झालं. 2003 मध्ये एअर डेक्कननं स्वस्त तिकिटं काढली, तेव्हा एअर इंडिया सरकारीच होती. ती टाटांकडे गेली 27 जानेवारी 2022 ला, 18,000 कोटींच्या व्यवहारात. त्यातले रोख 2,700 कोटी, बाकीचं टाटांनी अंगावर घेतलेलं कर्ज. प्रवाशाचं भाडं उतरलं ते मुख्यतः स्पर्धेमुळे. विक्रीनं मोकळी झाली ती सरकारी तिजोरी, कारण तोटा तीच भरत होती. (सरकारनं थोडे शेअर विकून ताबा स्वतःकडे ठेवला, तर ती निर्गुंतवणूक. त्याला खासगीकरण म्हणून ओरडणं घाईचं.)

हा फरक परीक्षेच्या दोन मार्कांपुरता असता तर मी एवढं लिहिलं नसतं. वाढ सगळ्यांपर्यंत पोचावी म्हणताना कुणाला सांभाळायचं, ते दोन्ही ठिकाणी वेगळं असतं. उदारीकरणाचा धक्का बसतो आजवर आडोशाला असलेल्या लहान उत्पादकाला. लोणचं, पाव, उदबत्ती, काचेच्या बांगड्या अशा वस्तू लघुउद्योगांसाठी राखीव होत्या. त्या यादीतल्या शेवटच्या 20 वस्तू 2015 मध्ये मोकळ्या झाल्या. लोणचं घालणाऱ्या घरगुती उद्योगासमोर आता कितीही मोठी कंपनी उभी राहू शकते. तिथे लागतं ते भांडवल, पॅकिंग, दुकानात जागा. महाराष्ट्रानं 2016 मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून सोडवला, तेव्हाही हाच प्रश्न होता: बाहेर विकायची मुभा मिळाली, पण दोन क्रेट टोमॅटो असलेल्याच्या बांधावर व्यापारी येणार का?

खासगीकरणाचा धक्का आधी बसतो तो कामगाराला, आणि त्याहून जास्त अजून नोकरीला न लागलेल्या मुलाला. सरकारी कंपनीत भरती निघाली की आरक्षणाची बिंदुनामावली तपासली जाते, कुठली जागा कुठल्या प्रवर्गाची ते ठरतं. 2001 मध्ये बाल्को या सरकारी अ‍ॅल्युमिनियम कंपनीचे 51 टक्के शेअर स्टरलाइट या खासगी कंपनीला विकले गेले, तेव्हा छत्तीसगडमधल्या कोरब्यात, तिच्या कारखान्यात, मोठा संप झाला. मामला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि विक्री टिकली. अशी कंपनी खासगी हातात गेल्यावर पगार कदाचित वाढेलही, पण पुढच्या भरतीत आरक्षणाचं बंधन नसतं. स्कूटरचं लायसन्स उठलं, तेव्हा अशी एकही जागा गेली नव्हती.