पल्स ऑक्सिमेट्री : न्यूमोनियातील वापर

रक्त न काढता, त्यातल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांना ऑक्सिजन जोडलेला आहे याचा अंदाज घेण्याची पद्धत. बोटाच्या चिमट्यावर दिसणाऱ्या या आकड्याला ‘एसपीओटू’ आणि वॉर्डातल्या बोलीत नुसते ‘सॅच्युरेशन’ म्हणतात.

न्यूमोनियात फुफ्फुसातल्या वायुकोशांत पू व द्रव साचतो. तिथून जाणारे रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे सरकते आणि चांगल्या भागातून आलेल्या रक्तात मिसळते. ओठ-नखे निळी पडणे हे त्याचे जुने लक्षण. पण ते उशिरा दिसते, सावळ्या कातडीवर सहज निसटते आणि रक्तक्षय असेल तर आणखी लांबते. खात्रीचे उत्तर धमनीतल्या रक्ताच्या तपासणीने, म्हणजे एबीजीने मिळते. मात्र त्यासाठी मनगटाच्या धमनीत सुई घालावी लागते. ते दुखते, आणि तासातासाला करण्याजोगे नाही.

चिमट्यातून दोन प्रकारचा प्रकाश बोटात सोडतात : सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त. ऑक्सिजनरहित हिमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त शोषते, ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन अवरक्त. हाड, कातडी, शिरेतले रक्त यांचे शोषण जवळपास स्थिर असते. नाडीच्या ठोक्यासरशी हलतो तो धमनीतल्या रक्ताचा भाग. तेवढाच वेगळा काढण्याची कल्पना जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांची (१९७४). ते कानाच्या पाळीवर प्रकाश टाकून हृदयाची रक्त फेकण्याची क्षमता मोजत होते आणि नाडीची लहर मधे कडमडत होती. ती पुसून टाकण्याच्या खटपटीत, ऑक्सिजन घटला की ती पुसली जात नाही हे त्यांच्या ध्यानात आले. अडचणीलाच त्यांनी मापक केले. कोविडने हे यंत्र घरोघर पोचवले त्याच वर्षी, एप्रिल २०२० मध्ये, ते वारले.

एसपीओटू ९० टक्के म्हणजे धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब साधारण ६० मिलिमीटर पारा. दाब आणि सॅच्युरेशन यांचा आलेख त्याच्या वर सपाट आहे, खाली घसरगुंडी; सपाट भागात दाब बराच उतरला तरी आकडा थोडाच हलतो. म्हणून ९७ वरून ९३ वर येणे वाटते तितके किरकोळ नसते. न्यूमोनिया झालेल्या मुलात आकडा ९० च्या खाली गेला तर ऑक्सिजन द्यावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्रौढांत सहसा ९४ ते ९८ चे लक्ष्य धरतात. दीर्घकालीन श्वसनविकारात कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका असलेल्यांसाठी ८८ ते ९२ चे.

रुग्णाला ऑक्सिजन सुरू असेल तर सुटा आकडा फसवा ठरतो. मास्कवरचे ९६ आणि साध्या हवेतले ९६ एक नव्हेत. म्हणून एसपीओटूला श्वासातल्या ऑक्सिजनच्या प्रमाणाने भागतात. हा भागाकार ३१५ किंवा कमी (एसपीओटू ९७ पर्यंत असताना) हा एआरडीएसच्या (फुफ्फुसे झपाट्याने निकामी होण्याच्या गंभीर विकाराच्या) २०२३ च्या जागतिक व्याख्येतला एक निकष आहे. त्यामुळे एबीजीची सोय नसलेल्या रुग्णालयातही निदान करता येते. त्या भागाकाराला मिनिटाच्या श्वाससंख्येने पुन्हा भागले की ‘रॉक्स’ निर्देशांक मिळतो. उदाहरणार्थ, ८० टक्के ऑक्सिजनवर एसपीओटू ९० आणि श्वास ३२ : ९० भागिले ०.८, भागिले ३२, म्हणजे सुमारे ३.५. नाकातून जोरदार प्रवाहाने ऑक्सिजन घेणाऱ्या न्यूमोनिया रुग्णांत ४.८८ किंवा अधिक हा दिलासा देणारा आकडा मानतात, ३.५ इतक्या कमी आकड्याला व्हेंटिलेटरची तयारी ठेवलेली बरी.

महाराष्ट्रात २०२० च्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके दारोदार तापमानाबरोबर सॅच्युरेशनही पाहत. धाप न लागता ऑक्सिजन घटणारे रुग्ण त्याच काळात ठळकपणे दिसले. त्यांच्यासाठी ६ मिनिटे चालण्याची चाचणी रूढ झाली : चालल्यावर आकडा ३ टक्क्यांहून जास्त उतरला तर डॉक्टरांकडे जा.

बोट थंड, नखाला गडद नेलपॉलिश, हात हलता किंवा रक्तदाब पडलेला असेल तर नाडीची लहर हरवते. नुसता गोंगाट उरला की यंत्र ८५ च्या आसपास रेंगाळते. अशा वेळी बोट चोळून गरम करावे आणि यंत्रावरचे ठोके मनगटाच्या नाडीशी ताडून पाहावेत. ते जुळत नसतील तर सॅच्युरेशनवरही विसंबू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात असेल तर यंत्र त्यालाही ऑक्सिजनच समजते. हिमोग्लोबिन ७ असलेल्या रुग्णातही ते ९८ दाखवील, कारण ते टक्का मोजते, साठा नव्हे. काळ्या कातडीवर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, हे अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींवरून २०२० मध्ये पुन्हा पुढे आले.