काट्यावर ठेवल्याने बाळ घटत नाही हो!

आमच्या सोलापुरात अजून म्हातारी माणसं सांगतात, बाळाला काट्यावर ठेवू नका, नजर लागते, वजन उतरतं. आणि गंमत म्हणजे जन्मानंतर तिसऱ्या दिवशी वजन खरंच उतरलेलं असतं, त्यामुळं आज्जी म्हणतात "बघ, मी सांगितलेलं की!"

पण ते काट्यामुळं नाही. बाळ पोटातनं येताना अंगात जास्तीचं पाणी घेऊन येतं, ते लघवीतनं जातं, काळी शी पडते, आणि सुरुवातीला आईचा चीक थोडाच असतो (थोडा असला तरी तेवढा पुरतो, तो पिळून टाकू नका), म्हणून पहिल्या 3-4 दिवसांत 7 ते 10 टक्के वजन कमी होणं नॉर्मल आहे. म्हणजे 2.8 किलोचं बाळ 2.6 वर आलं तर लगेच दुधाच्या पावडरीचा डबा आणायला पळू नका. साधारण 10 ते 14 दिवसांत जन्माचं वजन परत येतं, मग रोज 25-30 ग्रॅम वाढतं.

10 टक्क्यांच्या वर घटलं, लघवी कमी झाली, बाळ सुस्त पडलं की मात्र डॉक्टरकडंच. आणि हे घटलेलं कळणार कसं, काट्याशिवाय? आशाताई (सरकारच्या आरोग्य स्वयंसेविका) जन्मानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात त्या त्यासाठीच, त्यांना दारातनं परत पाठवू नका.

अजून एक, वजन करताना बाळ उघडं ठेवा, क्षणभरच. आपल्या सोलापुरी टॉवेलात गुंडाळून ठेवलं तर टॉवेलचंच वजन बाळाच्या नावावर लागतंय!