इन कॉन्सर्ट विथ द लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा (डीप पर्पल)

ब्रिटिश रॉक बँड डीप पर्पलने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये २५ व २६ सप्टेंबर १९९९ रोजी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासह केलेल्या मैफलींचे चित्रीकरण. वृंदसंचालक पॉल मान. याच मैफलींचा ध्वनिमुद्रित संचही निघाला. बँडचे ऑर्गनवादक जॉन लॉर्ड यांची ‘कॉन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’ ही बँड आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना कार्यक्रमाच्या केंद्रस्थानी होती. तिचा पहिला प्रयोग याच सभागृहात २४ सप्टेंबर १९६९ रोजी झाला होता. म्हणजे दोन्हींमध्ये अंतर बरोबर तीस वर्षे आणि एका दिवसाचे.

पहिल्या वेळी साथीला रॉयल फिलहार्मॉनिक ऑर्केस्ट्रा होता आणि संचालन संगीतकार माल्कम अर्नल्ड यांचे. गायक इयन गिलन आणि बेसवादक रॉजर ग्लोव्हर यांना बँडमध्ये येऊन जेमतेम काही महिने झाले होते. अशा नवख्या संचाने थेट अल्बर्ट हॉल गाठला, याचे श्रेय व्यवस्थापक टोनी एडवर्ड्स यांच्या धाडसाला. सभागृहाची तारीख आधी ठरली, रचना लॉर्ड यांनी नंतर लिहून पूर्ण केली. तालमीत वाद्यवृंदातल्या काहींनी नाके मुरडली, पण अर्नल्ड बँडच्या पाठीशी उभे राहिले. ऑगस्ट १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘हॉलिवुड बोल’ या खुल्या सभागृहात ही रचना पुन्हा वाजली आणि त्यानंतर तिची स्वरलिपी हरवली. रेकॉर्ड दुकानांत मिळत होती, पण कुठल्याही वाद्यवृंदासमोर ठेवता येईल असा कागद उरला नव्हता.

गिटारवादक रिची ब्लॅकमोर यांना त्याचे फारसे दुःख झाले नसावे. ‘ऑर्केस्ट्राबरोबर वाजवणारी मंडळी’ अशी ओळख त्यांना नको होती. १९७० च्या ‘इन रॉक’ या अल्बमने ती पुसली आणि बँड कर्कश, वेगवान हार्ड रॉककडे वळला. १९७६ मध्ये बँड फुटला. १९८४ मध्ये लॉर्ड, ब्लॅकमोर, गिलन, ग्लोव्हर आणि ढोलवादक इयन पेस पुन्हा एकत्र आले, पण हा संसारही धुसफुशीचाच होता. १९९३ मध्ये ब्लॅकमोर कायमचे बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी अमेरिकी गिटारवादक स्टीव्ह मॉर्स आले. त्यामुळे १९९९ च्या चित्रीकरणाला ‘जुन्या संचाची पुनर्भेट’ म्हणणे अर्धेच खरे. पाचांपैकी चार जुने, पाचवा नवा.

खरी पुनर्भेट स्वरलिपीची होती. डच संगीतकार मार्को द खोय यांनी १९६९ चे ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून आणि बीबीसीने केलेले चित्रीकरण पाहून एकेका वाद्याची ओळ कागदावर उतरवली. मुद्रणात बँडच्या आवाजाखाली बुडालेली वाद्ये कानांनी शोधायची, असे ते काम. पुढे लॉर्ड आणि मान यांनी त्यांच्याबरोबर बसून स्वरलिपी तपासली व पुरी केली. एका मैफलीच्या चित्रफितीतून दुसरीची संहिता उभी राहावी, ही या चित्रीकरणामागची सर्वांत विलक्षण गोष्ट आहे.

रचनेचे तीन खंड आहेत. पहिल्यात बँड आणि वाद्यवृंद प्रतिस्पर्ध्यांसारखे आमनेसामने येतात. संथ दुसऱ्यात गिलन गातात, शब्दही त्यांचेच. तिसरा वेगवान, त्यात पेस यांचा एकल ढोल. मौज आणि अडचण दोन्ही इथेच. वाद्यवृंद संचालकाची छडी पाहून चालतो, तर रॉक बँड ढोलकऱ्याचे ऐकून. त्यातच ॲम्प्लिफायरमधून येणाऱ्या गिटारीपुढे व्हायोलिनांचा अख्खा ताफा फिका पडतो; सूक्ष्मध्वनिग्राहक (मायक्रोफोन) लावले की त्यांतही ढोलाचा आवाज शिरतो. पडद्यावर मान यांची नजर स्वरलिपीवरून पेस यांच्याकडे जाते, तेव्हा ताल नक्की कोणाच्या हाती आहे हा प्रश्न प्रेक्षकालाही पडतो.

कार्यक्रमाचा सुरुवातीचा भाग सैलसर आहे. सभासदांच्या स्वतंत्र कामांतली गाणी त्यात येतात. पाहुण्या गायकांपैकी रॉनी जेम्स डिओ यांनी ग्लोव्हर यांच्या ‘बटरफ्लाय बॉल’ या अल्बममधले ‘लव्ह इज ऑल’ गायले, सॅम ब्राउन आणि मिलर अँडरसन यांनी लॉर्ड यांची गाणी. शेवट अर्थातच ‘स्मोक ऑन द वॉटर’ या बँडच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याने.

या मैफलींनंतर बँडने ही रचना घेऊन दौरा केला. लॉर्ड २००२ मध्ये बँडमधून बाहेर पडले आणि १६ जुलै २०१२ रोजी वारले. रचनेचे स्टुडिओ ध्वनिमुद्रण त्याच वर्षी, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. संचालक पुन्हा पॉल मानच, वाद्यवृंद मात्र रॉयल लिव्हरपूल फिलहार्मॉनिक.

मराठी वाचकासाठी एक दुवा जाता जाता. १९६९ च्या त्या रात्री कॉन्चेर्टोच्या आधी बँडने ‘चाइल्ड इन टाइम’ हे गाणे वाजवले होते. त्याची मूळ धून सॅन फ्रान्सिस्कोच्या इट्स अ ब्यूटिफुल डे या बँडच्या ‘बॉम्बे कॉलिंग’ या रचनेतली. प्रत्यक्ष मुंबईत डीप पर्पल वाजले ते एप्रिल १९९५ मध्ये, मॉर्स नव्याने आले असताना. आणि त्या मैफलीचे चित्रीकरण पुढे ‘बॉम्बे कॉलिंग’ याच नावाने निघाले.