हेवी मेटल: अमेरिकेत मोठे, युरोपात घरचे

मे २०१६ मध्ये नॉर्डिक देशांच्या नेत्यांना व्हाइट हाउसमध्ये दिलेल्या मेजवानीच्या वेळी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांनी फिनलंडमध्ये हेवी मेटल, म्हणजे कर्कश इलेक्ट्रिक गिटारवर उभ्या असलेल्या जड रॉक संगीताचे, दरडोई सर्वाधिक बँड असावेत, असा गमतीने उल्लेख केला होता. गमतीचा भाग सोडला, तर मुद्दा खरा होता. ‘एन्सायक्लोपीडिया मेटलम’ या नावाचे, चाहत्यांनीच २००२ पासून चालवलेले एक नोंदणी-संकेतस्थळ आहे. त्यातील नोंदींवरून मांडलेल्या हिशेबांत फिनलंडमध्ये दर लाख लोकसंख्येमागे पन्नासहून अधिक बँड भरतात, तर अमेरिकेत हेच प्रमाण पाच-सहाच्या आसपास राहते. स्वीडन, नॉर्वे आणि आइसलँड फिनलंडच्या पाठोपाठ येतात. मात्र एकूण संख्या पाहिली, तर सर्वाधिक बँड अमेरिकेतलेच आहेत.

मेटल अमेरिकेपेक्षा उत्तर युरोपात अधिक का रुजले, असे विचारायचे, तर आधी लोकप्रियता मोजायची कशाने, हा पहिला प्रश्न. मेटॅलिका या अमेरिकी बँडच्या १९९१ सालच्या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत दीड कोटींहून अधिक प्रती खपल्या. पँटेरासारख्या कर्कश बँडचा १९९४ चा अल्बम तिथल्या विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला होता. शिवाय वर उल्लेखिलेल्या संकेतस्थळाचे संपादक ‘खरे मेटल’ कोणते याबाबत कमालीचे सोवळे आहेत. कॉर्न किंवा लिंकिन पार्क यांसारख्या, अमेरिकेत प्रचंड खपलेल्या बँडना ते आपल्या यादीत जागाच देत नाहीत. त्यामुळे त्या आकडेवारीत अमेरिका आहे त्याहून थोडी लहान दिसते. हे सारे वजा केले, तरी फरक उरतोच. अमेरिकेत मेटल खपते भरपूर, पण सार्वजनिक जीवनाच्या कडेला राहते, तर युरोपच्या उत्तर भागात ते गावाच्या जत्रेइतके उघड आणि मान्य आहे.

हा फरक आवाजात शोधून सापडत नाही. मेटलचा पाया म्हणजे ‘पॉवर कॉर्ड’, म्हणजे मूळ स्वर आणि त्याचा पंचम. आपल्या तंबोऱ्यातला षड्ज-पंचमाचा जो संबंध, तोच हा २:३ चा संबंध. गिटारचा विद्युत-संकेत अ‍ॅम्प्लिफायरमध्ये त्याच्या कुवतीबाहेर रेटला, की तरंगांचे माथे छाटले जातात आणि मूळ दोन वारंवारतांखेरीज त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वरही तयार होतात. ११० आणि १६५ हर्ट्झचे स्वर एकत्र वाजवले, तर वजाबाकीचा स्वर ५५ हर्ट्झचा, म्हणजे मूळ स्वराच्या बरोबर एक सप्तक खाली पडतो. वादकाने न छेडलेला हा खर्जच त्या संगीताला जडपणा देतो. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सबाथ या आद्य मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात तुटली होती. पुढे त्याने तारा खालच्या स्वरात उतरवून त्यांचा ताण कमी केला, आणि आवाज आणखी खोल गेला. पण ही सारी भौतिकी हेलसिंकीत आणि ह्यूस्टनमध्ये एकसारखीच काम करते, त्यामुळे फरकाचे कारण कानांबाहेर शोधावे लागते.

सर्वांत आवडते उत्तर हवामानाचे आहे: उत्तरेची लांबलचक काळोखी हिवाळी रात्र, एकांत, आणि त्यातून उपजणारे उदास, कठोर संगीत. ऐकायला हे छान वाटते, पण डेथ मेटल हा मेटलचा अतिशय उग्र प्रकार ज्या थोड्या ठिकाणी घडला, त्यांतले प्रमुख ठिकाण म्हणजे फ्लोरिडातील टँपा, जिथे लोक थंडी चुकवण्यासाठी जातात. दुसरे उत्तर संपत्तीचे. नगर-अभ्यासक रिचर्ड फ्लोरिडा यांनी २०१४ मध्ये देशोदेशीच्या दरडोई बँडसंख्येची तुलना आर्थिक निर्देशांकांशी केली, तेव्हा समृद्ध आणि सुशिक्षित देशांत बँड अधिक, असा सहसंबंध दिसला. गिटार, अ‍ॅम्प्लिफायर आणि सरावाची खोली यांना पैसा लागतो, हे खरेच. पण अमेरिका गरीब नाही, आणि इंडोनेशियासारख्या देशात, जिथे जोको विडोडो हे तत्कालीन राष्ट्राध्यक्षच मेटलचे चाहते निघाले, या संगीताचा मोठा वर्ग आहे. सहसंबंधाने फक्त दिशा कळते, यंत्रणा कळत नाही.

तिसरे उत्तर धार्मिक विरोधाचे. १९ सप्टेंबर १९८५ रोजी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे गीतांमधील मजकुरावर सुनावणी झाली, आणि त्यानंतर अल्बमांवर पालकांसाठी इशाऱ्याची पट्टी येऊ लागली. १९९० मध्ये नेवाडातील रीनो येथे जुडास प्रीस्ट या ब्रिटिश बँडवर दावा चालला. त्यांच्या ध्वनिमुद्रणातील छुप्या संदेशामुळे दोन तरुणांनी आत्महत्येचा प्रयत्न केला, असा आरोप होता. न्यायालयाने तो दावा फेटाळला. विरोधाने नुकसान झाले असेल. तथापि युरोपातही विरोध कमी नव्हता. नॉर्वेत नव्वदच्या दशकात ब्लॅक मेटल या मेटलच्या आणखी एका उग्र प्रकाराशी संबंधित तरुणांनी खरोखरच चर्च जाळली, आणि फ्रान्समधील ‘हेलफेस्ट’ या महोत्सवाविरुद्ध कॅथलिक संघटनांनी मोहिमा काढल्या. तरीही तिथे मेटल टिकले. विरोधाने एखादे संगीत मरत असते, तर रॉक कधीच संपले असते.

माझ्या मते खरी कारणे याहून फार रुक्ष आहेत: सुट्ट्या, अंतरे, वय आणि सरावाची जागा.

उत्तर जर्मनीतील वाकन या गावाचे उदाहरण घ्या. लोकवस्ती सुमारे दोन हजार. १९९० मध्ये इथे दोन तरुणांनी खडीच्या खाणीत एक छोटी मैफल भरवली, तेव्हा सुमारे आठशे लोक आले होते. आज त्याच गावात दर उन्हाळ्यात सुमारे ८५ हजार लोक चार दिवस तंबू ठोकून राहतात, शेतकरी आपली शेते भाड्याने देतात, २०१७ मध्ये तर बिअरसाठी जमिनीखालून नळ टाकण्यात आला. महोत्सवात दरवर्षी गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा बँडही वाजतो. काळे कपडे घातलेले हजारो लोक तुताऱ्या-ढोलांच्या त्या गावठी संगीतावर मनापासून नाचतात. असा सोहळा उभा राहण्यासाठी हजारो नोकरदारांना आठवड्याच्या मधल्या दिवसांत एकाच वेळी रजा मिळावी लागते. युरोपीय संघाच्या १९९३ च्या निर्देशानुसार प्रत्येक कामगाराला वर्षाला किमान चार आठवड्यांची पगारी रजा द्यावी लागते. अमेरिकेत संघराज्याच्या पातळीवर असा एकही कायदा नाही. चाहते आले की बँडला पैसे मिळतात, आणि जून ते ऑगस्ट या काळात बेल्जियमचे ग्रासपॉप, फ्रान्सचे हेलफेस्ट, हेलसिंकीचे तुस्का असे एका मागून एक महोत्सव करत मध्यम वकुबाचा बँडही वर्षाचा बराच खर्च भरून काढतो. जर्मनीत एका शहरातून दुसऱ्या शहरात व्हॅनने दोन-तीन तासांत पोचता येते, तर अमेरिकेच्या पश्चिम भागात दोन प्रेक्षकवर्गांमध्ये कधीकधी पूर्ण दिवसाचा रस्ता असतो, आणि तो दिवस पेट्रोल जाळण्याखेरीज काहीच कमावून देत नाही.

वयाचा मुद्दा सहसा कोणी मांडत नाही. मेटलची गोडी लागते ती साधारण तेरा ते अठरा या वयात. अमेरिकेत १९८४ च्या कायद्यानंतर मद्यप्राशनाचे किमान वय सर्वत्र २१ झाले. छोटे बँड ज्या क्लबांत वाजवतात त्यांची कमाई मद्यावर चालत असल्याने अनेक कार्यक्रमांना २१ वर्षांखालच्यांना प्रवेशच नसतो. जर्मनीत बिअर सोळाव्या वर्षी मिळते, आणि मैफलीच्या दारावर शाळकरी मुलाला अडवण्याचे व्यापारी कारण त्यामुळे फारसे उरत नाही.

वाद्य शिकण्याची सोयही वेगळी आहे. स्वीडनमध्ये नगरपालिकांच्या संगीतशाळा आहेत, आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या प्रौढशिक्षण संस्थांकडून तरुणांच्या बँडना सरावासाठी खोल्या आणि थोडीफार आर्थिक मदत मिळते. फिनलंडमध्येही संगीतशाळांना राज्याचे आणि नगरपालिकांचे पाठबळ आहे. अपोकॅलिप्टिका या बँडने चार चेलोंवर (व्हायोलिनच्या कुळातले मोठे, खर्जाचे वाद्य) मेटॅलिकाची गाणी वाजवून नाव कमावले, आणि त्यातील वादक हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत रीतसर शिकलेले होते. युरोपी मेटलमध्ये चढत्या-उतरत्या सुरावटी, वाद्यवृंद आणि ऑपेराचा आवाज इतक्या सहजतेने का येतो, याचे एक उत्तर इथे सापडते. अमेरिकेतील मेटल पँटेरापासून पुढे तालाच्या, ठोक्याच्या बाजूने गेले आणि तिथल्या हिप-हॉपशी त्याने देवघेव केली. त्याच हिप-हॉपने तरुणांच्या बंडखोरीची जागाही बरीचशी व्यापली. २०१७ मध्ये नील्सन या बाजार-मोजणी संस्थेच्या आकड्यांनुसार त्याने, आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) सह, रॉकला मागे टाकून अमेरिकेतील सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या प्रकाराचे स्थान मिळवले.

त्यात रेडिओची भर पडली. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीच्या मालकीच्या केंद्रांवरील राष्ट्रीय मर्यादा उठवली, आणि काही वर्षांतच एका कंपनीकडे हजाराहून अधिक केंद्रे गेली. एकाच मुख्यालयातून ठरणाऱ्या गाण्यांच्या यादीत टोकाच्या प्रकारांना वाव राहत नाही. एमटीव्हीने मेटलसाठीचा आपला साप्ताहिक कार्यक्रम अमेरिकेत त्याआधी वर्षभर, १९९५ मध्ये, बंद केला होता. याच काळात जर्मनीत न्यूक्लियर ब्लास्ट आणि सेंच्युरी मीडिया या, ऐंशीच्या दशकात उभ्या राहिलेल्या कंपन्या बँडना ध्वनिमुद्रणाचे करार देत होत्या, आणि मॅनोवॉरसारखे काही अमेरिकी बँडही आपल्या देशापेक्षा जर्मनीतच अधिक मोठे झाले.

भारतीय बँडची वाटही याच नकाशावरून जाते. मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनने वाकनच्या मंचावर वादन केले आहे, आणि दिल्लीच्या ब्लडीवूडचे नाव जगभर झाले ते २०१९ च्या वाकनमधील कार्यक्रमानंतर. अमेरिकेचा दौरा त्यांनी त्यानंतर केला. हा क्रम बदलण्याची चिन्हे नाहीत. परदेशी कलावंतांना अमेरिकेत वाजवण्यासाठी लागणाऱ्या पी-प्रवर्गाच्या व्हिसा-अर्जाचे शुल्क १ एप्रिल २०२४ पासून ४६० डॉलरवरून १,०१५ डॉलर झाले, लहान अर्जदारांना जवळपास निम्मी सवलत आहे इतकेच. फिनलंडमधील टांपरे शहरातल्या चार पोरांच्या बँडला एवढ्या पैशांत जर्मनीपर्यंत जाण्याच्या खर्चाचा मोठा भाग निघतो.