विषाणू आले कुठून? कवच आणि जनुके यांचा उगम वेगळा शोधावा लागतो

जीवाणूपासून माणसापर्यंत प्रत्येक पेशीजन्य सजीवात रायबोसोमच्या (पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या) आरएनएचे जनुक असते. ते ताडून पाहिले की नाते ठरवता येते. विषाणूंच्या बाबतीत ही सोय नाही. सगळ्यांत आढळेल असे एकही जनुक त्यांच्याकडे नाही. त्यामुळे तीन तर्क टिकून राहिले: विषाणू पेशींच्याही आधीचे, पेशीतून निसटलेली जनुके, किंवा परजीवी होऊन झिजलेल्या पेशी.

तिसऱ्या तर्काला 2003 मध्ये जोर आला. इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या एका कूलिंग टॉवरमध्ये 1992 साली सापडलेला 'जीवाणू' प्रत्यक्षात विषाणू निघाला. या मिमिव्हायरसचा जनुकसंच सुमारे 12 लाख बेस जोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरजोड्यांचा आहे. एचआयव्हीचा जेमतेम 10 हजार अक्षरांचा. शिवाय प्रथिने बनवताना लागणाऱ्या टी-आरएनए या वाहक रेणूला अमिनो आम्ल जोडणाऱ्या चार विकरांची (एन्झाइमांची) जनुके त्यात होती. विषाणू प्रथिने बनवत नाही, मग ही अवजारे त्याला कशाला? जुन्या पेशीचे अवशेष, असे अनेकांनी मानले.

ते खरे असते, तर या जनुकांचा उगम एकाच पूर्वजाकडे जायला हवा होता. 2017 मध्ये सांडपाण्यातल्या डीएनएवरून क्लोस्नूव्हायरस हे आणखी महाकाय विषाणू ओळखले गेले. त्यांच्यात अशी बहुतेक विकरे आहेत, पण प्रत्येकाचा वंशवृक्ष वेगळ्याच यजमानाकडे बोट दाखवतो. म्हणजे लहान विषाणूच उसनवारीने फुगला. यात आणखी एक सापळा आहे: विषाणूंची जनुके झपाट्याने बदलतात, आणि अशा लांब फांद्या वंशवृक्षात चुकून मुळाशी जाऊन चिकटतात. दिसणारे प्राचीनत्व कधीकधी केवळ गणिताचा दोष असतो.

निसटलेल्या जनुकांचा तर्क रेट्रोव्हायरसांना, म्हणजे एचआयव्हीसारख्या आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या विषाणूंना, चपखल बसतो. जनुकसंचात उड्या मारणाऱ्या रेट्रोट्रान्स्पोझॉनांशी त्यांचे साम्य उघड आहे. मात्र आरएनए विषाणूंच्या पॉलिमरेजला, म्हणजे जनुकांच्या प्रती काढणाऱ्या विकराला, पेशीत जवळचा नातलग सापडत नाही. इथे 'विषाणू आधी' या तर्काला वाव मिळतो. पेशीविना विषाणू वाढणार कसा, हा आक्षेप आजच्या विषाणूला लागू पडतो. पेशीपूर्व काळात स्वतःच्या प्रती काढणाऱ्या आरएनएला नाही.

म्हणून क्रुपोविच, डोल्जा आणि कूनिन या शास्त्रज्ञांनी 2019 मध्ये मांडलेला संमिश्र पर्याय मला सर्वांत पटणारा वाटतो: प्रती काढणारी जनुके पेशीपूर्व काळातली, तर जनुकांभोवतीच्या कवचाची प्रथिने पुढे पेशींकडून, तीही अनेकदा, उचललेली. कवचांचे नाते तपासताना जनुकांतल्या अक्षरांचा क्रम फारसा उपयोगी पडत नाही, प्रथिनाची घडी, म्हणजे त्याचा त्रिमितीय आकार, पाहावी लागते. माणसाचा अ‍ॅडिनोव्हायरस आणि जीवाणूंवर जगणारा पीआरडी1 हा विषाणू यांच्या कवच-प्रथिनांचे क्रम जुळत नाहीत, घडी मात्र जुळते.